फॉरेन सीपीएल कन्व्हर्ट करताय? तिकीट काढायच्या आधी या चुका टाळा

अमेरिकेतलं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, हातात आलं, की सगळ्यांना घरचे वेध लागतात, साहजिकच आहे. पण विमानात बसायच्या आधी एक अख्खा दिवस लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची वही) घेऊन बसा, कारण कन्व्हर्जन, म्हणजे ते लायसन्स भारतीय करून घेणं, अडकतं ते बहुतेक वेळा तिथेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पीआयसीचे, म्हणजे पायलट-इन-कमांड म्हणून उडवलेले, तास. तिकडे पीपीएल (प्रायव्हेट पायलट लायसन्स) झाल्यावर शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असला तरी कंट्रोल्स तुमच्या हातात म्हणून तो वेळ पीआयसीत लिहितात, आणि एफएएच्या (तिकडच्या विमान नियामकाच्या) नियमाने ते बरोबरच आहे, पण आपलं नियामक डीजीसीए ड्युअलला, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतच्या उड्डाणाला, ड्युअलच धरतं. इथे टोटल २०० तासांत १०० पीआयसी लागतात, त्यातले १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. एका ज्युनियर पोराचं लॉगबुक मी स्वतः तपासलं, बेरीज ११८ पीआयसी, ड्युअल वजा केल्यावर उरले ८१. कमी पडलेले १९ तास त्याला इकडे येऊन पुन्हा पैसे भरून उडवावे लागले, वडिलांनी आधीच कर्ज काढलेलं, फार वाईट वाटलं बघून.

रात्रीच्या उड्डाणाचंही तेच. १० टेकऑफ, १० लँडिंग तिकडे इन्स्ट्रक्टरला सोबत घेऊनही चालतात, इथे ती पीआयसी म्हणून हवीत. आणि ३०० नॉटिकल मैलांच्या क्रॉस कंट्रीत (लांब पल्ल्याच्या उड्डाणात) दोन वेगवेगळ्या एअरपोर्टवर फुल स्टॉप लँडिंग, म्हणजे उतरून विमान पूर्ण थांबवणं, पाहिजे, टच अँड गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) नाही, म्हणून रिमार्क्समध्ये 'फुल स्टॉप' स्पष्ट लिहा.

तास भरताना अजून एक गडबड होते. लॉगबुकात १.३ असेल तर तो १ तास १८ मिनिटं, दीड तास नव्हे! पानभर असं चुकलं की बेरीज कुठेच जुळत नाही.

नावाचं पण बघा. आपल्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि लायसन्सवर वडिलांचं नावच गायब. पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव लायसन्सवर घ्या, तिथे असतानाच. कॉम्प्युटर नंबरसाठी (डीजीसीएच्या परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक) दहावी-बारावीचं बोर्डाचं व्हेरिफिकेशन लागतं, ते आईबाबांना आधीच विभागीय मंडळात जाऊन विचारायला सांगा.

कन्व्हर्जनचे पेपर दोन, एअर रेग्युलेशन्स आणि कंपोझिट, पासिंग ७० टक्के. कंपोझिटमध्ये नेव्हिगेशन आणि मेट (हवामानशास्त्र) एकत्र येतं, तिकडचा अभ्यास ताजा असतानाच पुस्तकं उघडा. क्लास वन मेडिकल (पायलटचं वैद्यकीय प्रमाणपत्र) वर्षभरच चालतं, त्याची तारीख कॅलेंडरवर टाका.

आणि निघायच्या आधी लॉगबुकच्या प्रत्येक पानाच्या बेरजेवर चीफ इन्स्ट्रक्टरची सही-शिक्का घ्याच, तिकडचे इन्स्ट्रक्टर १५०० तास झाले की एअरलाइनला जातात, मग सहीसाठी त्यांना शोधत बसावं लागतं.