छोट्या बोर्डावर प्रोब घसरू नये म्हणून काय करायचं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतनं आलेला जॅकार्डचा (नक्षी विणणाऱ्या मागाचा) कंट्रोल बोर्ड असो नाहीतर नवी पेठेतल्या दुकानातला मोबाईल, त्रास एकच. मल्टिमीटरचा लाल प्रोब, म्हणजे मापायचं टोक, पिनवर धरला, काळा ग्राउंडवर धरला आणि आकडा बघायला मान वळवली की प्रोब सरकला. बरं सरकला म्हणजे नुसतं रीडिंग गेलं असं नाही, शेजारच्या पिनवर १२ व्होल्ट असतील आणि इकडं ३.३ व्होल्टचा आयसी (चिप) असेल तर बोर्डात आधी नव्हता तो फॉल्ट आपणच तयार करतो. हात स्थिर पाहिजे असं सगळे सांगतात, पण माझं मत विचाराल तर हा हाताचा प्रश्नच नाही, वजनाचा आहे. प्रोब स्वतःच्या वजनावर उभा राहील अशी सोय करायची आणि हात लांब ठेवायचे.

मापं बघा म्हणजे पटेल. जुन्या एसओआयसी (बोर्डावर सपाट बसणाऱ्या) आयसीत एका पिनच्या मधापासून दुसरीच्या मधापर्यंत १.२७ मिमी असतात, आताच्या बारीक आयसीत ०.५ मिमी, आणि मीटरसोबत येणारा प्रोब साधारण २ मिमी जाड. तो तिथं मावणारच नाही.

पहिलं काम एकदम सोपं, काळा प्रोब हातात धरणं बंद करा. त्याला क्रोकोडाइल क्लिप लावून कनेक्टरच्या शील्डवर किंवा स्क्रूच्या ग्राउंड पॅडवर (पॅड म्हणजे बोर्डावरची उघडी धातूची जागा) पकडवा, फक्त ते खरंच ग्राउंडला जोडलंय का ते आधी मीटरच्या कंटिन्युटीवर (जोडणी असली की वाजतो तो मोड) बघून घ्या.

मग बोर्ड हलणार नाही असा बसवा, पीसीबी व्हाइस (बोर्ड धरायचा शिकंजा) नसेल तर चारी कडांना टेप लावा. टॉवेलवर ठेवून काम करू नका, सोलापुरात टेरी टॉवेल घरोघरी असतो म्हणून सहज हाताशी येतो पण मऊ पडतो, बोर्ड दबतो आणि त्याचे लूप पिनमध्ये अडकतात. जिथं टेकवायचंय ती जागा आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसून घ्या. लूमच्या बोर्डावर सुताचा बारीक कचरा आणि तेलकट धूळ बसलेली असते, सोल्डरिंगचा वाळलेला फ्लक्सही (चिकट लेप) असतो, त्याच्यावर टोक घसरतं शिवाय कॉन्टॅक्ट पण लागत नाही. बोर्डावर संरक्षक कोटिंग असेल तर टोकानं तेवढीच जागा खरवडायची. आणि टोक पिनच्या पाठीवर कधीच ठेवू नका, पिन संपून पॅड सुरू होतो त्या कोपऱ्यात ठेवा, तिथं सोल्डरचा खोलगट भाग असतो त्यात ते बसतं. त्याहून बरं म्हणजे ट्रॅक कुठं जातो ते बघा, बऱ्याचदा तीच लाइन पुढं एखाद्या कपॅसिटरच्या टोकाला नाहीतर टेस्ट पॉइंटला गेलेली असते, तिथं मोठी जागा मिळते, मग आयसीच्या पिनवर झगडायचं कशाला.

आता टोक. साधी शिवायची सुई घ्या, सुईला सोल्डर नीट धरत नाही म्हणून स्ट्रिप कनेक्टरमधला पितळी तुकडा काढून एका बाजूनं सुई आणि दुसऱ्या बाजूनं वायर स्क्रूनं आवळा, वरनं हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा आणि टोक फक्त १ मिमी उघडं ठेवा. एवढं केलं तरी शेजारच्या पिनला लागायची भीती खूप कमी होते.

स्टँडसाठी ३ मिमीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार इंग्रजी व्हीसारखी वाकवा. बंद टोकाला सुई बांधा, तारेपासून इन्सुलेट करून, आणि मागच्या दोन टोकांना रबरी नळीचे तुकडे चढवा. म्हणजे मागं दोन पाय टेबलावर आणि तिसरा पाय म्हणजे सुई बोर्डावर. तीन पायांचं स्टूल जसं उंचसखल जमिनीवर पण डगमगत नाही तसं हे पण बसतं. पुढच्या बाजूला दोनतीन नट अडकवा म्हणजे वजन सुईवर येतं, तेच तिला दाबून धरतं. वाकवता येणारे लवचिक गूजनेकचे आर्म लोक घेतात पण मला ते पटत नाहीत, वाकवून सोडलं की थोडं मागं येतात आणि टोक पॅडवरनं खेचतात.

वायर मात्र मऊ पाहिजे, मीटरची कडक वायर लावली तर अख्खा स्टँड ओढला जातो. जुन्या इअरफोनची वायर चालते, टोकाचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) सोल्डरिंग आयर्ननं जाळून टिन करून, म्हणजे सोल्डर चढवून घ्या, पण ती फक्त लो व्होल्टेजला. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा जातो, पंखा बंद करून बसणं शक्य नाही, म्हणून लोंबकळणारी प्रत्येक वायर टेबलाला टेपनं चिकटवा.

एकाच पॉइंटवर बराच वेळ लक्ष ठेवायचं असेल तर स्टँडच्या पण नादाला लागू नका. जुन्या रिलेच्या कॉइलमधली केसासारखी तार काढा, पॅडला सोल्डर करा, कॅप्टॉन टेपनं (उष्णता सोसणारी टेप) बोर्डावर दाबा म्हणजे ओढ पॅडवर न येता टेपवर येते, आणि दुसरं टोक क्लिपला द्या.

स्कोपला, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला, थोडं वेगळं आहे. प्रोबची केबल जड असते म्हणून ती टेबलाला आधी बांधा, आणि फास्ट सिग्नल बघताना लांब ग्राउंड वायर वापरू नका, तिच्या इंडक्टन्समुळं एजवर (सिग्नल चढतो-उतरतो तिथं) खोटं रिंगिंग, म्हणजे नसलेल्या लाटा दिसतात, प्रोबसोबत येणारी छोटी स्प्रिंग लावा. क्रिस्टलवर (बोर्डाला ठोके देणारा भाग) प्रोबचा स्विच १एक्सला ठेवून प्रोब लावला तर त्याच्या कपॅसिटन्सनं ऑसिलेटर बंद पडू शकतो, १०एक्सवर ठेवा.

एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला, यातलं घरगुती काहीच वापरायचं नाही. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी बसतात. तिथं रेटेड लीड आणि इन्सुलेटेड क्लिपच लागतात, आणि स्कोपचं ग्राउंड तर अजिबात लावायचं नाही कारण ते अर्थला जोडलेलं असतं, लावलं की थेट शॉर्ट. प्लग काढलेला असताना क्लिप लावा, हात मागं घ्या, मग सप्लाय द्या आणि आकडा वाचा. झालं की प्लग काढा, कपॅसिटर रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, मीटरवर शून्य आलं की मगच क्लिप सोडवा.