आर्टिकल नंतर, आधी नाम

नव्याने इंग्रजी लिहू लागलेल्यांचे मजकूर तपासताना सर्वांत जास्त खुणा कराव्या लागतात त्या 'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्यावर. काळ, प्रयोग वगैरे सरावाने जागेवर येतं. ही तीन चिमुकली मात्र चांगलं लिहिणाऱ्यालाही छळतात. माझ्या मते खरी गोम आर्टिकलमध्ये नसून पुढच्या नामात असते. नाम मोजता येणारं आहे की नाही हे ठरल्याशिवाय आर्टिकल ठरतच नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत मात्र हे दोन वेगळे धडे असतात, त्यामुळे दोन्ही पाठ होतात आणि वाक्यात एकही उतरत नाही.

मोजता न येणारी नामं आपल्याला नवी नाहीत. 'दोन माहित्या', 'तीन सामानं' असं आपण बोलत नाही. तरीही 'इन्फर्मेशन्स', 'लगेजेस', 'फर्निचर्स' सर्रास लिहिलेलं दिसतं. इथे निदान आपल्या मराठी कानावर विश्वास ठेवायला हरकत नाही. खरी पंचाईत होते ती दोन भाषांची वाट फुटते तिथे. आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो, पुरावे गोळा करतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज' आणि 'एव्हिडन्स' ही तिन्ही अनकाउंटेबल, म्हणजे मोजता न येणारी. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असला तरी 'द न्यूज इज गुड'च. आपले केस गळतात, म्हणजे अनेकवचन; इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर इज'. 'अ हेअर' म्हटलं तर सुटा एक केस.

अशी नामं मोजायचीच असतील तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' असं म्हणता येतं. पण दर वेळी 'पीस ऑफ' जोडत बसण्यापेक्षा शेजारचा मोजता येणारा शब्द उचलावा, वाक्य हलकं होतं. 'लगेज'ऐवजी 'टू बॅग्स', 'वर्क'ऐवजी 'अ जॉब', 'ट्रॅव्हल'ऐवजी 'अ ट्रिप'.

काही शब्द दोन्हीकडे नांदतात. 'देअर इज नो रूम' म्हणजे जागाच नाही, आणि 'देअर इज अ रूम' म्हणजे खोली आहे. नोकरीच्या अर्जात 'आय हॅव एक्सपीरियन्स इन टीचिंग' हेच बरोबर, कारण तिथे साचलेला अनुभव अभिप्रेत आहे. 'एक्सपीरियन्सेस' म्हटलं की प्रसंग, किस्से डोळ्यांपुढे येतात. म्हणून 'हे नाम काउंटेबल आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'या अर्थाने काउंटेबल आहे का' असं विचारावं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या शब्दकोशांत नामाच्या अर्थापुढे 'सी' (काउंटेबल) किंवा 'यू' (अनकाउंटेबल) असं अक्षर छापलेलं असतं. ते बहुतेकजण बघतच नाहीत.

एवढं ठरलं की पुढचा नियम पक्का: मोजता येणारं एकवचनी नाम उघडं सोडायचं नाही. 'ही इज इंजिनिअर' चुकीचं, 'ही इज ॲन इंजिनिअर' बरोबर. 'अ' नको असेल तर 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी', काहीतरी नामाआधी हवंच. 'बाय बस', 'गो टू स्कूल', 'ॲट नाइट' अशा ठरावीक जोड्या याला अपवाद. त्या अख्ख्याच लक्षात ठेवाव्यात.

आता 'द'. 'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' हे शाळेतलं सूत्र अर्धंच खरं आहे. हे वाक्य बघा: 'आय बॉट अ लॅपटॉप. द स्क्रीन इज गुड, बट द कीबोर्ड इज टू स्मॉल.' स्क्रीन आणि कीबोर्ड दोन्ही पहिल्यांदाच आले, तरी 'द' का? लॅपटॉप म्हटला की त्याला स्क्रीन असणारच, आणि कोणता स्क्रीन हे ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही. 'द'चा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर चालतो: कोणतं ते समोरच्याला कळतंय का? याच वाक्यात 'अ स्क्रीन' लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल, हा कुठला वेगळाच स्क्रीन!

उलट जिथे काही ठरावीक नाही तिथे आपण 'द' उगाच घालतो. 'द लाइफ इज हार्ड', 'आय लव्ह द नेचर' ही नेहमीची उदाहरणं. सर्वसाधारण बोलायचं असेल तर अनकाउंटेबल नाम किंवा अनेकवचन एकटंच ठेवावं: 'लाइफ इज हार्ड', 'डॉग्स आर लॉयल'. 'द डॉग्स' म्हटलं की 'कुठले कुत्रे?' हा प्रश्न आलाच.

'अ' की 'ॲन' हे उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही. 'ॲन अवर', 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन एमबीए'. गंमत म्हणजे 'एप्रन' हा शब्द मुळात 'नॅप्रन' होता. 'अ नॅप्रन' ऐकता ऐकता त्यातला 'न' आर्टिकलने पळवला.

आयईएल्टीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत आलेखाचं वर्णन करणाऱ्यांनी एक जोडी घोटून ठेवावी. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज रिझन' इथे वाढला तो आकडा, म्हणून क्रियापद एकवचनी. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव लेफ्ट' इथे गेले ते अनेक विद्यार्थी, म्हणून अनेकवचनी. पाणी, पैसा यांच्यासाठी 'नंबर' चालत नाही, 'अमाउंट' लागतं. तसंच 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे जवळपास नाहीतच, आणि 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे आहेत चारदोन. एका 'अ'ने सूर बदलतो.

सरावासाठी स्वतःचाच जुना परिच्छेद घ्या आणि फक्त नामांभोवती गोल करा. प्रत्येकाला विचारा: या अर्थाने मोजता येतं का, एक की अनेक, कोणतं ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे का. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं, पण आपल्या चुका ठरावीक सात-आठ नामांभोवतीच फिरतात हे लवकर दिसतं. त्यांचीच यादी करून भिंतीवर लावावी. नद्यांना 'द', एकेकट्या शिखरांना नाही, तलावांना नाही, पर्वतरांगांना आहे, असले तक्ते सुरुवातीलाच पाठ करत बसू नये. 'द नाईल' किंवा 'लेक व्हिक्टोरिया' लिहायची वेळ येईल तेव्हा तेवढं बघून घ्यावं.