डंडीत नवीन आलात? आधी क्लस्टरचं खातं मागा

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत पिकांवर किंवा जैवविविधतेवर काम करायला येत असाल, तर बँक खात्याच्या बरोबरीनं क्लस्टरचं, म्हणजे मोठी गणितं करणाऱ्या एकत्र जोडलेल्या संगणकांचं, खातंही पहिल्याच आठवड्यात मागा. हा क्लस्टर सामायिक आहे. लंडनचं क्यू गार्डन, एडिंबराचं रॉयल बोटॅनिक गार्डन, पीकसंशोधन करणारी नियाब अशा संस्थांचे लोकही तोच वापरतात. म्हणजे तुमच्या चुकीच्या मागणीचा खोळंबा तुम्ही कधी न भेटलेल्या माणसाला होतो.

लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या संगणकावर, काहीही जड चालवू नका. काम (जॉब) स्लर्मच्या, म्हणजे कामं वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या, रांगेत टाका, आणि मेमरी, कोअर, वेळ किती हवा ते नीट सांगा. नवीन माणूस भीतीपोटी भरमसाट मेमरी मागतो. तेवढी जागा एकत्र मोकळी होईपर्यंत त्याचाच जॉब अडकतो, आणि मिळालेली मेमरी रिकामी पडून राहते. इतरांना ती वापरता येत नाही. फार कमी मागितलीत तर स्लर्म जॉब मारून टाकतो. म्हणून आधी एकच नमुना चालवा, प्रत्यक्ष किती मेमरी लागली ते पाहा, थोडी वर धरा आणि मग बाकीचे ॲरे जॉब म्हणून, म्हणजे एकाच स्क्रिप्टनं एकगठ्ठा, टाका. एका वेळी किती चालावेत यालाही मर्यादा घाला.

गव्हावर असाल तर हे लक्षात ठेवाच. गव्हाचा जीनोम सुमारे १६ अब्ज बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), माणसाच्या पाचपट. डीएनएच्या फायली हाताळणाऱ्या समटूल्स या प्रोग्रामचा नेहमीचा बीएआय इंडेक्स (फाइलमधली हवी ती जागा चटकन शोधायची सूची) एका गुणसूत्रात साधारण ५३.७ कोटी बेसपर्यंतच पोहोचतो, आणि गव्हाचं ३बी गुणसूत्र ८० कोटींच्या वर जातं. तिथे मोठ्या गुणसूत्रांना चालणारा सीएसआय इंडेक्सच करा. बार्लीचीही बरीच गुणसूत्रं या मर्यादेपलीकडची आहेत.

सॉफ्टवेअर बायोकोंडा या जीवशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या भांडारातून घ्या. स्क्रॅचवर, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या जागेवर, एकुलती एक प्रत कधीच ठेवू नका, तिथे बॅकअप नसतो.

आपल्याकडची मुलं ‘विचारलं तर काय वाटेल’ म्हणून दिवसचे दिवस अडून बसतात. मला याचं फार वाईट वाटतं. इथे सर-मॅडम नाही, प्रमुखालाही पहिल्या नावानं हाक मारतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही. मदत मागताना जॉब क्रमांक, स्क्रिप्ट कुठे आहे ते आणि एररचा पूर्ण मजकूर द्या.

डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. जॉबवर पहारा देत ऑफिसात बसू नका. स्क्रिप्टमध्ये मेलची ओळ घाला, जॉब संपला की स्लर्म कळवतो.