आवडता फुटबॉल प्लेअर क्लब सोडून गेला तर त्याला गद्दार म्हणायचं का, कसं ठरवायचं

बातमी आली त्या दिवशी काहीच ठरवू नका. राग येणारच, येऊ दे, पण रागात जर्सी जाळायला निघू नका.

डोकं शांत झालं की लॉयल्टी आणि स्वभाव यांची दोन वेगळी खाती करा, कारण आपण फॅन लोक इथेच गोंधळ घालतो, गेला तो वाईट आणि राहिला तो देवमाणूस. स्ट्रायकर सुआरेझचंच बघा ना, 2013 मध्ये त्याला त्याचा इंग्लिश क्लब लिव्हरपूल सोडायचाच होता, तिथल्याच आर्सेनल क्लबने 4 कोटी पाउंड आणि वर 1 पाउंड अशी बोली पण लावली, क्लबने सोडलं नाही तर गड्याने पुढच्या सीझनला लीगमध्ये 31 गोल ठोकले, आणि प्रत्येक बॉलसाठी जीव तोडून पळायचा. पण ह्याच माणसावर समोरच्या टीमच्या एव्हराला वर्णद्वेषी बोलल्याबद्दल 8 मॅचची आणि अशाच दुसऱ्या मॅचमध्ये समोरच्या इव्हानोविचला चावल्याबद्दल 10 मॅचची बंदी आलेली. त्या गोलांनी हे धुऊन निघत नाही, आणि ह्यामुळे ते गोल खोटेही ठरत नाहीत. मग प्रेम पण वाटतं आणि लाज पण वाटते. वाटू दे दोन्ही, एकच निवडायची जबरदस्ती कुणी केलीये.

मग बघा गेला कसा. काँट्रॅक्ट किती उरलं होतं, क्लबला पैसे मिळाले का, आणि मेन म्हणजे आधी तोंडाने काय सांगत होता. डिफेंडर सोल कॅम्पबेल 2001 मध्ये टॉटनहॅम सोडून थेट त्यांच्या कट्टर वैरी आर्सेनलला गेला तो फ्रीमध्ये, काँट्रॅक्ट संपलेलं, नियमाने काहीच चूक नाही. पण राहायचंय असं आधी बोलला होता ना, म्हणून जखम अजून ओली आहे. माझ्या मते जाण्यापेक्षा हे शब्द फिरवणं जास्त लागतं, ते वेगळं मोजा.

टीम खालच्या लीगमध्ये गेली तेव्हा तो कुठे होता हे तर बघाच. 2006 ला इटलीची युव्हेंटस टीम सेरी बी, म्हणजे तिथल्या दुसऱ्या लीगमध्ये ढकलली गेली तेव्हा बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे थांबले, इब्राहिमोविच वैरी टीम इंटरला गेला. स्ट्रायकर बातिस्तुता पण 1993 ला त्याची इटालियन टीम फिओरेंतिना खाली गेली तेव्हा थांबला, टीमला वर आणलं, आणि 2000 मध्ये लीग जिंकायची म्हणून रोमाला गेला. ह्याला कुणी गद्दार म्हटलं तर मी भांडेन.

आणि क्लब तरी किती लॉयल असतात? गोलकीपर कासियास लहानपणापासून स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबचा, 2015 मध्ये निरोपाच्या पहिल्या प्रेस कॉन्फरन्सला एकटा बसून रडत होता. त्यामुळे सगळा हिशोब फक्त प्लेअरकडूनच मागू नका.

एवढं करूनही राग उरला तर तो समोरच्या टीमकडून खेळायला येईल तेव्हा हुर्यो उडवा, बिनधास्त, तिकिटाचे पैसे तुम्हीच दिलेत. पण बार्सिलोना सोडून वैरी रेआल माद्रिदला गेलेला फिगो 2002 मध्ये माद्रिदकडून कॅम्प नोऊ ह्या बार्सिलोनाच्याच मैदानावर खेळायला आला तेव्हा बाटल्या आणि डुकराचं मुंडकं मैदानात आलं, मॅच थांबवावी लागली, तिथवर जायचं नाही. त्याच्या घरच्यांना मेसेज टाकून शिव्या द्यायच्या नाहीत, मग तो कुठेही जाऊ दे.