रिहॅबचं काम आवडायला कसं लागतं: नवीन फिजिओ आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) वाल्यांसाठी

इंटर्नशिप सुरू झाली की दरवर्षी कोणीतरी येऊन हेच विचारतं, मॅडम न्यूरो (मेंदू आणि नसांचे पेशंट) नको, ऑर्थो (हाडं-सांधे) नाहीतर स्पोर्ट्स मिळेल का, न्यूरोमध्ये काही होतच नाही हो. मला त्यांचं म्हणणं कळतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पेशंट दोनेक महिन्यांत जिने चढायला लागतो, पेढे घेऊन येतो, आणि इकडे अंगावरून वारं गेलेला माणूस तीन महिने रोज येतोय तरी त्याचा अंगठा अजून बोटाला टेकत नाही. मी चौदा वर्षं हेच काम करतेय, मोठ्यांबरोबर पण आणि सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेल्या, मुलांबरोबर पण, आणि दुसरीकडे जावं असं मला कधी वाटलं नाही. बदल रोज होत असतो, फक्त तो कुठे शोधायचा हे कोणी धड शिकवत नाही, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी, पहिल्या दिवसाची नोंद. ही नाही ठेवली तर पुढचं सगळं फुकट. स्केल्स तर भराच, बर्ग (तोल मोजणारी) ५६ पैकी किती, एफआयएम (रोजच्या कामांत किती मदत लागते ती) १८ ते १२६ मध्ये कुठे, टाइम्ड अप अँड गोला (खुर्चीतून उठून थोडं चालून परत बसायला) किती सेकंद लागले, ते लागतंच. पण त्याच पानावर खाली घरातल्या भाषेत चार ओळी लिहा. तांब्या उचलता येतो का, रिकामा की भरलेला. नाडी कोण बांधतं. रात्री कुशीवर वळायला कोणाला उठवावं लागतं. कारण बर्ग २१ चा ३४ झाला हे ऐकून घरच्यांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याही पोटात काही होत नाही, पण "आता रात्री मला उठवत नाहीत" असं त्या माणसाची बायको म्हणते तेव्हा कळतं की आपण काय केलं. ती बाई किती महिन्यांनी सलग झोपली असेल विचार करा.

मग ध्येय ठरवणं. इथे घाई करू नका. "तुम्हाला काय करता यायला हवं?" असं विचारलं की दहापैकी नऊ जण म्हणणार, पहिल्यासारखं करा. त्याच्यावर वाद घालायचा नाही आणि आश्वासन पण द्यायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं, काका, सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा, कुठे कुठे अडतं. मग बघा कसं बाहेर येतं, संडासला बसल्यावर उठता येत नाही, चहाचा कप तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडतो, एसटीची पायरी फार उंच आहे. हे खरे गोल्स. मोजायला गोल अटेनमेंट स्केल वापरा, १९६८ पासूनची पद्धत आहे आणि अजून तितकीच कामाची. उणे २ म्हणजे आज आहे तसं, शून्य म्हणजे ठरवलेल्या मुदतीत होईल अशी अपेक्षा, अधिक २ म्हणजे अपेक्षेच्या बरंच पुढे. एसटीच्या पायरीचं उदाहरण घ्या. उणे २ म्हणजे दोघांनी धरूनही चढता येत नाही, शून्य म्हणजे दांडा धरून आणि मागे एक माणूस ठेवून चढतात, अधिक २ म्हणजे एकटे चढून सीटवर जाऊन बसतात. पेशंटच्या समोर लिहा, त्यांच्याच शब्दांत लिहा.

आता एका काकूंचं सांगते. उजवी बाजू गेलेली, मूठ घट्ट, बोटं उघडायची म्हटलं की दुसऱ्या हाताने एकेक सोडवावं लागायचं. शंकू रच, खुंट्या लाव, हे सगळं त्या अगदी निमूटपणे करायच्या, पण डोळे खिडकीकडे. मी विचारलं काकू घरी या हाताने काय करायचात, तर म्हणाल्या भाकरी, रोजच्या बारा-पंधरा. मग आम्ही परात आणली. परातीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. सुरुवातीला थापायचं काही नाहीच, नुसता तळहात पिठावर ठेवून खांद्यापासून वजन द्यायचं, हाताचा ताण हळूहळू उतरतो, आणि मग मळायचं. ज्वारीच्या पिठाला गरम पाणी लागतं आणि इथे तुम्ही सावध राहा, त्या हाताची संवेदना कमी असेल तर चटका बसलेला कळत नाही, म्हणून पाणी कोमट आणि आधी चांगल्या हाताने बघायचं. मी हे प्रत्येक इंटर्नला दोनदा सांगते. किती आठवडे गेले ते फाईलमध्ये आहे, पण एका सकाळी त्यांनी डावा हात मदतीला ठेवून उजव्याने भाकरी थापली, तळहाताएवढी, कडा फाटलेल्या, एका बाजूला जाड. त्यांनी ती उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ही चुलीवर फुगायची नाही." आणि लगेच दुसरा गोळा घेतला. तो दुसरा गोळा घेणं, ते मी अजून विसरले नाहीये, कारण त्यांना ते मी सांगितलेलं नव्हतं.

आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीची सुरुवातच या विचारातून झाली, रोजचं काम हेच औषध. कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलला ओटीचं स्कूल सुरू केलं, आशियातलं पहिलं. फिजिओवाल्यांनी पण हे मनावर घ्यावं असं मला वाटतं, नुसता स्नायू बळकट करून पाठवू नका, तो स्नायू घरी कशाला लागणार आहे ते माहीत करून घ्या.

बोलणं गेलेले पेशंट. हे स्पीच थेरपिस्टचं काम आहे आणि पाठवायला उशीर करू नका, पण एक गोष्ट आपल्यालाही माहीत हवी. एक रिटायर्ड गुरुजी होते, बायकोचं नाव ओठावर यायचं नाही, पाणी हवं तर पेल्याकडे बोट दाखवायचे. एकदा पायऱ्या मोजताना मी सहज "बे एके बे" म्हटलं आणि ते "बे दुणे चार, बे त्रिक सहा" करत थेट वीसपर्यंत गेले, स्पष्ट, ठणठणीत आवाजात. मुलगा एकदम म्हणाला, बघा, येतं यांना, मुद्दाम बोलत नाहीत. इथे आपण लगेच मध्ये पडायचं. पाढे, आकडे, वार, आरत्या हे पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं आणि बऱ्याचदा शाबूत राहतं, मनातलं नवीन वाक्य जुळवणं ही निराळी गोष्ट. मुद्दाम काही नसतं. घरच्यांना हे समजावून सांगितलं की घरातला राग निम्मा होतो, आणि तेवढं एक काम त्या दिवशी झालं तरी दिवस सार्थकी लागला म्हणा. मग स्पीच थेरपिस्टने त्याच पाढ्याचा उपयोग केला, शेवटचा आकडा मोकळा सोडायचा, मग म्हणींचा शेवटचा शब्द, मग "मला हवा एक कप..." इथे थांबायचं.

मुलांचं गणित वेगळं, हे नीट समजून घ्या. मोठ्या माणसाचं काहीतरी हरवलेलं असतं आणि तो रोज आधीच्या स्वतःशी तुलना करतो. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाने ते कधी बघितलेलंच नसतं, त्याला दुःख नसतं, ते सगळं आईच्या चेहऱ्यावर असतं. म्हणून मोठ्यांबरोबर आधी दुःखाला जागा द्यायची आणि मुलांबरोबर आधी खेळायला बसायचं. व्यायाम हा शब्दच काढू नका.

आईचा पहिला प्रश्न ठरलेला, चालेल का? खोटं बोलायचं नाही. जीएमएफसीएस म्हणजे मूल किती हालचाल करू शकतं त्याची प्रतवारी, तिच्या पाच लेव्हल आहेत, पहिलीचं मूल आधाराशिवाय चालतं, पाचवीच्या मुलाला सगळीकडे न्यावं लागतं; मूल साधारण ज्या लेव्हलला आहे तिथेच पुढे राहतं, पाचव्या लेव्हलचं मूल पहिलीला येत नाही. हे ऐकायला कठोर वाटतं पण ज्याला चालण्यातच यश दिसतं तो थेरपिस्ट अशा मुलांबरोबर लवकर थकतो. त्या लेव्हलच्या आत काय काय करता येईल तिथे सगळी मजा आहे. एक साडेतीन वर्षांची मुलगी होती, चौथी लेव्हल, कायम आडवी किंवा आईच्या मांडीत. तिला मापाची खुर्ची करून घेतली, कंबरेला पट्टा, पाय टेकलेले, पुढे ट्रे. धड सावरायला हात गुंतलेले होते ते मोकळे झाले. तिची मोठी बहीण समोर बिस्कीट खात बसलेली. हिने मान वळवली, हात लांब केला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा ते बिस्कीट हिसकावलं. बहीण रडायला लागली, आई तिला गप्प करेना, नुसती बघत राहिली. पहिल्यांदाच दोघी बहिणी भांडल्या होत्या.

आईला घरी करायला वीस व्यायामांचा कागद देऊ नका, तो फ्रिजवर चिकटतो आणि तिला रोज अपराधी वाटतं. जे ती करतेच त्यात घुसवा. पायांची कात्री होणारं मूल असेल तर त्याला दोन्ही पाय एकत्र धरून कवेत घेण्यापेक्षा कडेवर घ्यायला सांगा, पाय कंबरेच्या दोन्ही बाजूंना. आपल्या आज्यांची पद्धत, मांड्यांचा ताण आपोआप सुटतो. फक्त कड बदलत राहायला सांगा, तिच्या पाठीसाठी पण. आणि कोणी बाळ मान धरत नाही म्हणून आलं तर "होईल हळूहळू" म्हणून परत पाठवू नका, आरबीएसकेमधून, म्हणजे २०१३ पासूनचा सरकारी कार्यक्रम, १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते आणि पुढे जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे लहान मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात. लवकर आलेलं मूल ही अर्धी लढाई आहे.

आता अवघड भाग. काही जण सुधारत नाहीत. काही मध्येच यायचे बंद होतात, कारण रोजची मजुरी बुडवून, दोन बस बदलून कोण किती दिवस येणार, त्यांच्यावर चिडू नका, फोन करा, आठवड्यातून एकदा या म्हणा. डुशेनसारख्या, मुलांचे स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात तर स्नायूंची ताकद कमीच होत जाणार. तिथे वाढणारा आकडा शोधलात तर तुम्ही मोडाल. तिथे टिकलेलं शोधायचं, मागच्या दिवाळीला स्वतःच्या हाताने जेवत होता, या दिवाळीलाही जेवतोय, कोपराखाली आधार दिला म्हणून, टेबल चार बोटं उंच केलं म्हणून. हे आपण केलेलं असतं. आणि कोणाचा हात-पाय हलणारच नसेल तर घर हलवा, एकदा घरी जाऊन या, बाथरूमला दांडा, उंबऱ्याला उतार, कमोडची खुर्ची. मला घरी जायला सगळ्यात जास्त आवडतं, क्लिनिकमध्ये महिनाभर न कळलेलं तिथे दहा मिनिटांत कळतं.

स्वतःसाठी एक वही ठेवा, फाईल नव्हे. घरी जायच्या आधी एक ओळ, कोणी आज काय पहिल्यांदा केलं. नाव नको, "भाकरीवाल्या काकू" पुरे. काही दिवस कोरे जातात, जाऊ द्या.

आणि पहिल्या दिवसाचा व्हिडिओ, लेखी परवानगी घेऊन, नक्की काढा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच चपला किंवा स्प्लिंट घालून, तेच काम करताना. पेशंट "काहीच फरक नाही हो मॅडम" म्हणाला की घरच्यांना बोलवून सगळ्यांनी मिळून पहिला व्हिडिओ बघा, तुम्ही काही बोलू नका, त्यांना बघू द्या. मोबाईल आडवा धरा आणि पाय फ्रेममध्ये येतायत ना ते तपासा, टाच आधी टेकते की चवडा हे नंतर तुम्हाला बघायचं असतं.