बिलिंग सिस्टिमचे घोळ: या चुका टाळा

बिलिंग अडलं की पहिला राग प्रिंटरवर किंवा स्कॅनरवर निघतो, कारण समोर तेच असतात. पण काउंटरवर दिसणाऱ्या बऱ्याच घोळांचं मूळ मागे असतं. आयटमची यादी भरताना, माल आत घेताना किंवा कॉम्प्युटरच्या एखाद्या सेटिंगमध्ये ते सापडतं. तिथे दुरुस्त केलं नाही, तर नवा प्रिंटर आणूनही जुनाच त्रास सुरू राहतो.

स्टॉक उणे दाखवतो

माल रॅकवर दिसतोय आणि स्क्रीन म्हणते उणे ११. अशा वेळी आधी आवकेची नोंद उघडा. १२ नगांचे दोन बॉक्स तिथे '२' म्हणून चढवलेले असतात आणि विक्री मात्र सुटी झालेली असते. आत आले २, बाहेर गेले १३. याच चुकीची दुसरी बाजू नफ्याच्या रिपोर्टमध्ये दिसते. बॉक्सची खरेदी ६००, म्हणजे नग पडला ५० ला आणि विकला ६० ला. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र एका नगाची खरेदीच ६००, त्यामुळे प्रत्येक विक्रीवर ५४० चा तोटा. स्टॉक आणि नफा दोन्ही एकाच आयटमवर बिघडलेले दिसले, तर एककाची चूक धरून चालायला हरकत नाही.

आयटम तयार करतानाच खरेदीचं एकक 'बॉक्स', विक्रीचं एकक 'नग' आणि रूपांतर १२ असं भरा. कंपनीने पॅक १२ चा १० केला, तर जुन्या आयटममधला आकडा बदलू नका. काही सॉफ्टवेअर नवा गुणक जुन्या आवकेलाही लावतात आणि मागचा सगळा हिशोब हलतो. १० च्या पॅकला वेगळं एकक किंवा वेगळा आयटम द्या.

विक्री आधी आणि आवकेची नोंद संध्याकाळी, अशी सवय असेल तरी स्टॉक उणे जातो. नोंद झाली की आकडा सावरतो, पण दरम्यान झालेल्या विक्रीचा खरेदीभाव चुकीचा धरला गेलेला असतो. आणि उणे स्टॉक दिसला की 'ॲडजस्टमेंट' (हाताने केलेली दुरुस्तीची नोंद) टाकून शून्य करायची घाई नको. आधी कारण शोधा. नाहीतर खरी आवक नंतर चढते आणि तोच माल दोनदा मोजला जातो.

बारकोड एक्सेलमध्ये बिघडतात

यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) येते, कुणीतरी ती नुसती बघायला म्हणून डबल क्लिक करून उघडतं, एखादा भाव सुधारतं आणि सेव्ह करतं. तेवढं पुरतं. १३ अंकी बारकोडला एक्सेल मोठी संख्या समजतं, १.२३४५७ई+१२ असं आखूड करून दाखवतं आणि सीएसव्हीत जसं दिसतं तसंच लिहितं. शेवटचे अंक गेले ते गेलेच. सुरुवातीचं शून्यही उडतं, कारण संख्येला पुढच्या शून्याचा काही अर्थ नसतो.

फाइल 'डेटा' मेन्यूतून इंपोर्ट करा, बारकोडचा कॉलम 'टेक्स्ट' निवडा आणि मगच हात लावा. चढवण्यापूर्वी चार-पाच बारकोड ताळा करून बघा. १३ अंकी ईएएनचा (मालावर नेहमी दिसणाऱ्या बारकोडचा) शेवटचा अंक आधीच्या १२ अंकांवरून ठरतो. समजा ते १२ अंक ५९०१२३४१२३४५ आहेत. विषम जागांची बेरीज १७. सम जागांची २२, तिची तिप्पट ६६. एकूण ८३. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ९० ला, ७ कमी पडतात. म्हणून तेरावा अंक ७. तो जुळला नाही, तर यादी बिघडलेली आहे आणि स्कॅनरला दोष देण्यात अर्थ नाही.

एका स्कॅनरने माल सापडतो, दुसऱ्याने नाही, अशीही तक्रार येते. १२ अंकी यूपीसी कोड म्हणजे पुढे शून्य असलेला १३ अंकी ईएएन. एक स्कॅनर ते शून्य पाठवतो, दुसरा गाळतो. स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत यूपीसीला ईएएन करून पाठवण्याचा सेटिंग-बारकोड (स्कॅन केला की स्कॅनरचं सेटिंग बदलतो) असतो. सगळ्या स्कॅनरवर तो एकसारखा लावा.

स्कॅनर खरंच बिघडलाय का?

बहुतेक स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून जोडलेले असतात, त्यामुळे परीक्षा सोपी आहे. बिलिंग बंद करून नोटपॅड उघडा आणि स्कॅन करा. आकडा उमटून कर्सर खालच्या ओळीत गेला, तर स्कॅनर ठीक आहे, शोध आयटमच्या यादीत घ्या. आकडा उमटला पण कर्सर त्याच ओळीत थांबला, तर शेवटी एंटर पाठवण्याचं सेटिंग उडालंय. पुस्तिकेतला 'एंटर' किंवा 'सीआर' सफिक्सचा (आकड्याच्या शेवटी जोडायच्या खुणेचा) बारकोड एकदा स्कॅन केला की झालं. भलतीच अक्षरं उमटली तर कीबोर्डची भाषा बघा. मराठी टायपिंगसाठी बदललेला लेआउट तसाच राहिलेला असतो. आणि थोडा वेळ पडून राहिल्यावर स्कॅनर झोपत असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा.

स्वतः छापलेली लेबलं स्कॅन होत नसतील, तर दोष बहुधा डिझाइनमध्ये असतो. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.१२५ मिमीचा. बारकोडची सर्वांत बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांतच छापता येते, अडीच ठिपके असं काही नसतं. कोपरा धरून चित्र ताणलं की काही रेघा २ ठिपक्यांच्या आणि काही ३ च्या होतात, आणि स्कॅनर गोंधळतो. ईएएन-१३ ला दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह ११३ एककं लागतात (इथे एकक म्हणजे सर्वांत बारीक रेघेची रुंदी). ३ ठिपक्यांनी छापलं तर ३३९ ठिपके, म्हणजे सुमारे ४२.४ मिमी. हा कोड ३८ मिमीच्या लेबलवर बसत नाही. मग लोक बाजूची पांढरी जागा खातात, आणि नेमकी तीच स्कॅनरला हवी असते. लेबल लहानच हवं असेल, तर दुकानातल्या दुकानात वापरायच्या लेबलांसाठी कमी अंकांचा कोड-१२८ (बारकोडचा दुसरा प्रकार) वापरा.

प्रिंटर आणि गल्ल्याचा ड्रॉवर

कोरा कागद बाहेर आला, तर रोल उलटा बसलाय. थर्मल कागदाचा लेप सहसा एकाच बाजूला असतो. नखाने जोरात ओरखडा काढा, काळा पडेल ती बाजू छपाईची.

प्रिंटर चालू आहे पण कॉम्प्युटर 'ऑफलाइन' म्हणतो? फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू करा. सेल्फ-टेस्ट छापली गेली, तर यंत्र निर्दोष. यूएसबी प्रिंटरची वायर झाडलोट करताना दुसऱ्या पोर्टात गेली की विंडोज 'कॉपी १' नावाचा नवा प्रिंटर तयार करतं आणि बिलिंग जुन्याच नावाला बिलं पाठवत राहतं. पोर्टला चिकटपट्टी लावून नाव लिहा. नेटवर्क प्रिंटर असेल तर राउटर बंद-चालू झाल्यावर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदललेला असू शकतो. राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा.

ड्रॉवर उघडण्याचा झटका बहुतेक ठिकाणी प्रिंटरमधूनच येतो, म्हणून प्रिंटर बंद असला की ड्रॉवरही गप्प. प्रिंटरवरचं ड्रॉवरच्या वायरचं भोक टेलिफोनच्या भोकासारखं दिसतं, पण त्यात टेलिफोनची वायर कधीही घालू नका.

तारीख मागे जाते

कॉम्प्युटर सुरू करताना तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुधा तो सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल असतो. त्याकडे दुर्लक्ष महागात पडतं. बिलं जुन्या तारखेत पडतात, दिवसाचा रिपोर्ट रिकामा येतो, आणि सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र चुकीच्या तारखेला अवैध ठरल्यामुळे ऑनलाइन सिंकही थांबतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, दोष मात्र त्या सेलचा असतो.

कर आणि गल्ला

करासह किंमत ११० आणि दर १० टक्के असेल, तर कर १० आहे, ११ नाही. आयटममध्ये 'करासह' आणि 'कराशिवाय' ही खूण चुकली की प्रत्येक बिल थोडं थोडं चुकतं, आणि ते महिनाअखेरीला कळतं. मालाचा परतावा नवीन उणे बिल करून देऊ नका, मूळ बिल उघडून त्यातूनच करा. नाहीतर मधल्या काळात बदललेला भाव किंवा दर लागतो.

रात्री गल्ला जुळत नसेल तर आधी फरकाचा आकडा बघा. रोख जितकी कमी तितकंच कार्ड जास्त असेल, तर कार्डाचं बिल रोखीत बंद झालंय. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल तपासा: ५४० च्या जागी ४५०. सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल तर मात्र यापुढे काहीच शोधता येत नाही. प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या, आणि बिल रद्द करणं, भाव बदलणं, विक्रीशिवाय ड्रॉवर उघडणं हे हक्क मोजक्यांकडेच ठेवा. झेड रिपोर्ट (दिवसाचा हिशोब बंद करणारा) दिवसातून एकदाच, मोजणी झाल्यावर काढा. मधे, हिशोब बंद न करता, आकडे बघायला एक्स रिपोर्ट आहे.

बॅकअप

त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप डिस्कबरोबरच जातो. सॉफ्टवेअर चालू असताना डेटाबेसची फाइल हाताने कॉपी केली, तर ती अर्धवट असू शकते, म्हणून बॅकअप सॉफ्टवेअरच्याच मेन्यूतून घ्या. एक प्रत दुकानाबाहेर असू द्या. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून शेवटच्या बिलाचा नंबर आणि दोन-तीन आयटमचा स्टॉक जुळवून बघा. यूपीएसवर कॉम्प्युटर, राउटर आणि बिलाचा प्रिंटर घ्या. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तापताना तो इतका भार ओढतो की ऐन वेळी छोटा यूपीएस सगळंच बंद करतो.