नकाशा मंजूर झाला म्हणजे काम सुरू झालं

या दिवाळीनंतर मी नवीन काम घेणार नाही. चालू साइट्स पूर्ण करायच्या आणि गंगापूर रोडचं ऑफिस माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघांच्या हाती सोपवायचं, असं ठरलंय. बी.आर्क.ची, म्हणजे आर्किटेक्टच्या पदवीची, पाच वर्षं संपवून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक घेतलेली मुलंमुली भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, स्वतःचं सुरू करू का?" करा की. फक्त एका बाबतीत आधी माझं ऐका.

नाशकात नवख्या आर्किटेक्टकडे पहिली कामं येतात ती बहुतेक 'मंजुरीपुरती'. सिडकोतलं घर वाढवायचंय, मखमलाबादकडे बंगला बांधायचाय. मालक म्हणतो, "नकाशा पास करून द्या, बाकी ठेकेदार बघेल." स्क्वेअर फुटामागे भाव ठरतो, पैसे लवकर सुटतात, लगेच दुसरं काम येतं. मीही सुरुवातीची वर्षं यावरच काढली, तेव्हा सगळीकडे तीच रीत होती.

पण नीट समजून घ्या, यात अडकायला कुठे होतं. परवानगीच्या कागदांवर बांधकामाची देखरेख तुमच्या नावावर लागते. मालकाचे फोन जोत्यापर्यंत येतात. जोते तपासणी झाली की बंद. मग ठेकेदार साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, जिना काढतो, गच्चीवर खोली चढवतो, पार्किंगला भिंत घालून दुकान करतो. तुम्हाला पत्ताच नसतो. पुढे कधीतरी मालक पेढे घेऊन येतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी हवीय, त्यासाठी पूर्णत्वाच्या दाखल्यावर तुमची सही हवी. सही केली तर ते धडधडीत खोटं. नाही केली तर 'मॅडमनी अडवलं' ही बोंब गावभर. माझ्या अशाच एका कामात शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि नोटीस मालकाबरोबर माझ्याही नावावर निघाली. तो जिना मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, कागदावर मात्र देखरेख माझी होती. अख्खा पावसाळा ते निस्तरण्यात गेला. मिळालेली फी वकिलाकडे गेली, वर मनस्ताप.

म्हणून नियुक्तीपत्राशिवाय काम घ्यायचं नाही. त्यात देखरेखीची फी वेगळी लिहा आणि ती पाया, जोतं, प्रत्येक स्लॅब, प्लास्टर अशी टप्प्यांनी बांधा. साइटवर गेलात की नोंद आणि फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा. नकाशाबाहेरचं काम दिसलं तर लेखी हरकत घ्या. तरी ऐकत नसतील, किंवा तुम्हाला बोलावणंच बंद झालं, तर अमुक तारखेपासून देखरेख माझ्याकडे नाही असं महापालिकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घेतली नाही तर कळवलं नाही असंच धरलं जातं. मालक नात्यातला असेल तर हे सगळं दुप्पट काटेकोरपणे करा.

मोठ्या प्रकल्पात सहीचं वजन आणखी वाढतं. 2016 च्या रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांचे दाखले लागतात. काम किती टक्के झालं हे तुम्ही लिहून देणार, त्यावर लोकांच्या घराचे पैसे सुटणार. ऑफिसात बसून टक्के लिहू नका. सही भाड्याने देणारेही आहेत या धंद्यात. त्यांच्याकडे शिकायलासुद्धा जाऊ नका.

शिकायचं कोणाकडे? जे तुम्हाला साइटवर पिटाळतात आणि पगार देतात त्यांच्याकडे. 'अनुभव मिळेल' म्हणत फुकट राबवणारं नाव कितीही मोठं असो, माझ्या लेखी ते गुरू नाहीत. काळी माती पार करून मुरूम लागल्याशिवाय पाया का भरायचा नाही, सळईभोवती काँक्रीटची जाडी राखणारा कव्हर ब्लॉक सरकला की सळई कशी उघडी पडते, हे मला मुकादमांनी शिकवलं. थ्रीडी व्ह्यूवर भाळून पश्चिमेला अख्खी काच लावलेली घरं पाहिली की जीव तुटतो. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्या खोलीत उभं राहून बघा. त्यापेक्षा रविवारी टेप घेऊन जुन्या नाशकातला एखादा वाडा मोजा. चौक किती, ओटा किती उंच, भिंत किती जाड, सगळं कागदावर उतरवा. नदीकाठचा प्लॉट आला तर पेन्सिल उचलण्याआधी पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघायची. गोदापात्रातल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात, तो दुतोंड्या मारुती 2008 आणि 2016 साली किती बुडाला, हे काठावरच्या कोणालाही विचारा.

एवढं वाचून घाबरू नका. पहिली काही वर्षं पैसा हळूहळूच येतो, सगळ्यांचाच तसा येतो. नियुक्तीपत्र पुढे केलं की काही मालक उठून जातील, जाऊ द्या. थांबलेल्यांपैकी कितीतरी घरांतली पुढची पिढी आज माझ्याकडे येते. पत्र मराठीत लिहा, मालकाला स्वतः वाचता आलं पाहिजे. आणि त्यावर दोघांच्याही सह्या होईपर्यंत लाइन आउटला, म्हणजे प्लॉटवर पायाची आखणी करायला, जाऊ नका, मुहूर्त टळला तरी.